हौदातली तिसरी

१

तोयोने नव्वदी ओलांडली होती, पण थापा मारण्यात ती अजून तरणीताठी होती. युदानी गावच्या फुलबागेत बोतानची मोठाली फुलं उमलली की शहरातून बसगाड्या भरभरून माणसं येत. फाटकाशी बाकावर बसलेली ही एवढीशी म्हातारी दिसली की बायका हमखास थांबत. मग तोयो ताटाएवढ्या एखाद्या जांभळ्या फुलाकडे बोट दाखवून गंभीरपणे सांगे, "याला माझं नाव दिलंय. मी लग्न होऊन आले त्या वर्षी." दुसऱ्या दिवशी हेच ती पांढऱ्या फुलाबद्दल सांगे.

"आई, लोक दरवर्षी येतात. एखाद दिवशी पकडल्या जाल," तिची सून फुमिनो म्हणे.

"पुढच्या वर्षी मला पकडायला त्यांना वर यावं लागेल."

फुमिनोला हा विनोद आवडत नसे. ती स्वतः साठीच्या पुढे गेली होती. नवरा शुन्किची जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. डोंगराच्या कडेला असलेल्या त्या घरात आता ही म्हातारी होती आणि ती होती. म्हातारी गेली की दिवा मालवताना 'मालवते हं' असं आपण कोणाला सांगणार, हा विचार तिला सारखा येई. मग ती तो बाजूला सारून बागेत कामाला लागे. बोतानच्या पाकळ्यांना ऊन सोसत नाही, प्रत्येक फुलावर कागदी छत्री रोवावी लागते. सकाळी छत्र्या रोवायच्या, सुकलेली फुलं खुडायची, पाहुण्यांना वाट दाखवायची, आणि दुपार कलली की सासूचा हात धरून उतारावरून ओढ्याकाठच्या स्नानघरात जायचं. वर्षानुवर्षं हाच क्रम होता.

बसमधून येणारे पाहुणे हॉटेलच्या कुंडात जात. ओढ्याकाठचं लाकडी खोपट मात्र गावाचं, गावानेच बांधलेलं आणि पाळीपाळीने घासलेलं. आत एक मोठा लाकडी हौद होता. डोंगरातल्या गरम झऱ्याच्या नळीची धार त्यात अष्टौप्रहर पडत असे, त्यामुळे हौद कायम काठोकाठ. कोणी आत उतरलं की तेवढं पाणी काठावरून भसकन सांडे आणि जमिनीतल्या पन्हळीतून ओढ्याला जाई. वाफ इतकी की समोरच्या बाईचा चेहरा दिसायचा नाही. म्हणून येणारीने दारातून म्हणायचं, "येते हं," आणि पाण्यात असलेल्यांनी म्हणायचं, "या, या, शेकून घ्या." कोण आलंय ते आवाजावरून कळायचं.

त्या दिवशी दोघीच होत्या. तोयो तिच्या नेहमीच्या कोपऱ्यात, फुमिनो शेजारी, डोळ्यांवर ओला पंचा टाकून. दार सरकल्याचा आवाज आला.

"या, या, शेकून घ्या," फुमिनो न बघता म्हणाली.

पाणी सांडलं. एका माणसाएवढं.

"आज गारठा आहे नाही," फुमिनो म्हणाली. उत्तर आलं नाही. शेजारची कामेयो असेल आणि कशावरून तरी फुगली असेल, असं वाटून तिने पंचा काढला. हौदात त्या दोघीच होत्या. दार बंद होतं. तोयो मात्र कोपरा सोडून थोडी अलीकडे सरकून बसली होती, बसमध्ये कोणाला जागा करून द्यावी तशी.

'येते हं' असं कोणी म्हटलंच नव्हतं, हे फुमिनोच्या मागाहून लक्षात आलं.

२

कामेयो लोणची घालून विकायची. सकाळी मुळ्याचं लोणचं द्यायला आली तेव्हा फुमिनोने तिला सांगितलं.

"नळीत हवा अडकली असेल," कामेयो म्हणाली. "डोंगराचं पोट आहे, ढेकर देणारच. मागे धरणीकंप झाला तेव्हा नाही का, दोन दिवस पाणी गढूळ आलं होतं?"

"मीही तेच म्हणते."

"पण तू न बघता 'या' म्हणालीस?"

"सवय गं. तोंडातून गेलं."

"उद्या अस्वल येईल, त्यालाही म्हण शेकून घ्या." कामेयो हसली. मग हसू आवरतं घेत म्हणाली, "बघून म्हणावं बाई. जरा बघून म्हणावं."

त्या दुपारी फुमिनो सावध होती. तिने तोयोला उतरवलं, पाणी सांडलं. ती स्वतः उतरली, पाणी सांडलं. दोघी स्थिर बसल्या. नळीची धार सोडली तर काहीच हलत नव्हतं. हौदाच्या काठावर पाण्याची पातळ कड थरथरत होती आणि फुमिनो तिच्याकडे टक लावून बघत होती. ही अशी बघत बसलेली बाई कोणी पाहिली तर काय म्हणेल, असंही तिच्या मनात आलं. हवा अडकली असेल तर नळी गुरगुरेल, धार तुटेल. धार तुटली नाही. कड मात्र सावकाश फुगली, फुटली, आणि भसकन पाणी जमिनीवर गेलं. पन्हळीतून ते ओढ्याकडे निघून गेल्याचा आवाज तिने शेवटपर्यंत ऐकला.

तोयो सरकली. डोळे मिटूनच सरकली आणि तिच्या सुरकुतल्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"आई, का सरकलात?"

"तूही सरक थोडी. अंग चोरून बसते ती."

"कोण?"

तोयोने डोळे उघडले आणि सुनेकडे असं पाहिलं की विचारणारीच वेडी ठरावी. "तूच तर 'या' म्हणालीस," ती म्हणाली.

३

युदानीत बायका एकट्याने पाठ धूत नाहीत. हौदाबाहेर बुटकी स्टुलं एकामागे एक मांडायची, रांगेत बसायचं, आणि प्रत्येकीने पुढचीची पाठ घासायची. घासून झालं की कोणीतरी म्हणतं, "फिरा आता." मग सगळ्या बसल्या जागी उलट्या फिरतात आणि मघाशी जिने आपली पाठ घासली, तिची पाठ आपण घासायची. फेड लगेच होते. शिवाय रांगेत कोणालाच कोणाचं तोंड दिसत नाही, त्यामुळे एरवी न बोलता येणाऱ्या गोष्टी तिथे बोलल्या जातात. लग्न होऊन आली तेव्हा फुमिनो या रांगेत बसूनच या घरात रुळली होती.

कारण ती दुसरेपणाची होती. शुन्किचीची पहिली बायको रित्सु लग्नानंतर तिसऱ्या हिवाळ्यात तापाने गेली. तिचा फोटो घरच्या पितरांच्या देव्हाऱ्यात होता, आता शुन्किचीच्या फोटोशेजारी. गोल चेहरा, वर बांधलेले केस, हसू की नको अशा विचारात असलेले ओठ. फुमिनो रोज सकाळी दोघांपुढे गरम भाताची वाटी आणि चहा ठेवी. 'सवतीला रोज जेवू घालणारी गावात मी एकटीच,' असं ती कामेयोला म्हणे, आणि दोघी खुदुखुदु हसत. पण खरं सांगायचं तर फुमिनोला त्या फोटोचा राग कधी आला नव्हता. थोडी भीती मात्र वाटायची, आपण कोणाच्या तरी जागेवर बसलो आहोत याची.

आठवड्याभराने, पाठ धुवायला बसताना, तोयोने आपल्या पुढे आणखी एक स्टूल मांडलं. शेजारी एक लाकडी बादली ठेवली.

फुमिनो मागे बसून सासूची पाठ घासू लागली. आणि तोयो, हातात पंचा घेऊन, पुढचं स्टूल घासू लागली. म्हणजे स्टुलावरची हवा.

म्हातारं माणूस आहे, असं फुमिनोने स्वतःला सांगितलं. त्यात काय. नव्वदीत माणसं याहून काय काय करतात. कामेयोची आत्या शेवटी शेवटी उशीला अंगाई म्हणायची. पण ती सासूच्या खांद्यावरून पुढे बघत राहिली, आणि जितकी बघत गेली तितका तिचा हात मंदावत गेला. मोकळ्या हवेत हात असा फिरत नाही. तो भरकटतो, खाली येतो. तोयोचा हात दबत होता. खांद्याच्या हाडावरून चढत होता, मणक्याच्या खळीत उतरत होता, बरगड्यांवर थांबत थांबत जात होता. पंचा एका विशिष्ट जागेच्या पुढे जातच नव्हता.

"कोणाची पाठ घासताय, आई?" फुमिनोने विचारलं. रांगेत विचारतात तसं, हळू आवाजात.

"हिचीच. बघ ना किती बारीक झालीये. खात नाही काही."

"रोज भात ठेवते मी," फुमिनोच्या तोंडून निघून गेलं.

"ठेवतेस गं. कोण नाही म्हणतंय?" तोयो प्रेमाने म्हणाली. ती दोघींपैकी कोणाशी बोलत होती ते फुमिनोला कळलं नाही.

४

आणखी काही दिवस तेच चाललं, मग फुमिनोने स्नानघरात जाणं बंद केलं. घरच्या टबात पाणी तापवलं, त्यात पुडीतलं गंधकाचं चूर्ण टाकलं, आणि सासूला बसवलं.

"हे काय?" तोयो म्हणाली. "इथे मीच मावत नाही. तिला कुठे बसवायचं?"

"तिला नकोच बसवायला, आई. ती तिच्या जागी बरी आहे."

"तुला ठाऊक आहे तिची जागा कशी आहे ते?"

फुमिनोने पाठीवर पाणी घातलं आणि विषय बदलला.

तोयोचं जेवण तुटलं. सूप दोन घोट घेऊन वाटी खाली ठेवायची. भर उन्हातही तिला थंडी वाजे. तरी बागेत जायचा हट्ट सोडला नव्हता, म्हणून फुमिनो तिला शाल गुंडाळून बाकावर बसवी. एका सकाळी टोपी घातलेली एक शहरी बाई तिच्यापाशी थांबली आणि तिने जांभळ्या फुलाचं नाव विचारलं.

तोयोने नाव सांगितलं. खरं नाव. पाटीवर होतं तेच.

बाई आभार मानून गेली. चार झुडपांपलीकडे छत्री रोवत असलेल्या फुमिनोने ते ऐकलं, आणि तिला रडू आवरेना. कागदी छत्रीच्या आडोशाला तोंड करून ती बराच वेळ तशीच उभी राहिली. घरात बंद करून ठेवली तर ही उरेल, पण अशी उरेल. आणि खाली नेली तर हसेल, बोलेल, आणि रोज थोडी थोडी पलीकडे सरकत जाईल. दोन्हीकडून जाणं तिचंच होतं.

"कामेयो," ती संध्याकाळी म्हणाली, "मी उद्या आईंना खाली नेते."

"ने," कामेयो म्हणाली. बराच वेळ तिने बरणीचं झाकण पुसलं. "मी येऊ का सोबत?"

"नको. गर्दी होईल," फुमिनो म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिला मागाहून कळलं.

५

स्नानघरात शिरताच तोयोचे गाल रंगले. तिने स्वतःच्या हाताने पुढचं स्टूल मांडलं. रांग लागली. फुमिनोने सासूची पाठ घासली, सासूने पुढची घासली. मग तोयो आनंदाने म्हणाली, "फिरा आता."

इतके दिवस फिरायची वेळ आली नव्हती. 'पुरे आता, गार होईल,' असं काहीतरी पुटपुटत फुमिनो तिला आधीच उठवायची. आज तिने तसं केलं नाही. ती फिरली. आता तिच्यासमोर फक्त लाकडी भिंत होती आणि भिंतीवरून ओघळणारे थेंब. मागून तोयोचा पंचा तिच्या पाठीवर आला, कमजोर, मधेच विसरणारा, ओळखीचा. आणि त्याच्याही मागून दुसऱ्या पंचाचा आवाज येऊ लागला. खस, खस, खस. तो विसरत नव्हता. एका लयीत, वरून खाली.

"हं," तोयो सुस्कारली. "तिथेच. जरा जोरात."

आवाज जरा जोरात येऊ लागला.

मान वळवली असती तर दिसलं असतं. फुमिनोने मान वळवली नाही. तिने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि भिंतीकडे बघतच वाकून नमस्कार केला.

"रित्सु-सान," ती म्हणाली. "तुम्ही मोठ्या. घर आधी तुमचं. मी आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही. आईंचं वय झालंय, मला कळतं. त्यांना नेऊ नका, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? पण मला त्या घरात एकटीला ठेवू नका. तेवढंच."

मागचा पंचा थांबला. नळीची धार तेवढी वाजत होती.

"ऐकलंस ना?" तोयो म्हणाली. आवाज मागे वळवून म्हणाली. "चांगली पोर आहे ही."

मग खस, खस, खस, पुन्हा पहिल्यासारखं सुरू झालं.

बोतानचा हंगाम सरत आला तसं तोयोचं जेवण सुधारलं. तिने एका म्हाताऱ्या पाहुण्याला सांगितलं की पिवळं फूल तिच्या नावाचं आहे, आणि त्याने तिचा फोटो काढला. फुमिनोला वाटलं, आपलं ऐकलं गेलं.

हौद घासायची पाळी फुमिनोची होती त्या दिवशी तिने सकाळी नळी ओढ्याकडे वळवली, हौद रिकामा केला आणि दुपारपर्यंत लाकूड घासलं. तोयो घरी ओसरीवर उन्हात बसली होती. फुमिनो परतली तेव्हाही ती तशीच बसली होती, भिंतीला टेकून, डोळे मिटून, एका बाजूला थोडी सरकलेली. फुमिनोने हाक मारली, मग खांद्याला हात लावला, आणि मग तिथेच तिच्या शेजारी खाली बसली.

गेलेल्याला न्हाऊ घालताना पाणी उलटं करतात, आधी थंड घ्यायचं आणि मग त्यात गरम ओतायचं. कामेयोने तसं केलं. दोघींनी मिळून म्हातारीला कुशीवर वळवलं, आणि कामेयोचा हात थांबला.

तोयोची पाठ लाल होती. ताज्या घासलेल्या पाठीवर उठतात तशा रेघा, वरून खाली. आणि तिला झऱ्याच्या पाण्याचा वास येत होता.

"आज तर हौद रिकामा होता," कामेयो म्हणाली.

"हो," फुमिनो म्हणाली.

धुवायला काही उरलंच नव्हतं, तरी फुमिनोने ती पाठ हलक्या हाताने पुन्हा धुतली.

६

विधी झाले, पाहुणे गेले, देव्हाऱ्यात तिसरा फोटो आला. फुमिनो तिघांपुढे भात ठेवू लागली. घर इतकं शांत होतं की भांडं ठेवलं तरी ती दचके. पहिल्या रात्री दिवा मालवताना 'मालवते हं' असं ती मोठ्याने म्हणाली आणि मग अंधारात बसून रडली. कोणी आलं नव्हतं. कोणी येणार नव्हतं. रिकाम्या स्टुलाशी बोलून माणूस आपली समजूत काढतो, झालं. म्हातारीच्या पाठीच्या रेघा ओसरीच्या खडबडीत भिंतीच्या असतील. वास आपल्याच हाताचा असेल, सकाळभर हौदच घासत होतो. असा एकेक विचार ती नीट घडी घालून ठेवत होती, आणि प्रत्येक घडीनिशी घर आणखी रिकामं होत होतं.

"आता खाली जा," शेवटी कामेयो म्हणाली. "अशीच राहिलीस तर वास मारशील. मी दुकान आवरून येतेच मागून."

दुपार होती. स्नानघराच्या फटींतून ऊन वाफेत शिरत होतं. आत कोणी नव्हतं. फुमिनोने एक स्टूल घेतलं, एकच, आणि भिंतीकडे तोंड करून बसली. हात धुतले, मान धुतली. पंचा पाठीकडे नेला, पण खांदा दुखत होता, हात जेमतेम कुशीपर्यंत पोचला. तिने तो परत पुढे घेतला आणि मांडीवर ठेवला.

मागून तिच्या पाठीवर पंचा टेकला.

तो विसरत नव्हता. वरून खाली, एका लयीत. फुमिनोने श्वास रोखून धरला. मग धरवेना, तेव्हा सोडला. तिच्या अंगावर काटा आला होता आणि तरीही, कितीतरी दिवसांनी, तिची पाठ कोणीतरी धूत होतं. खांद्याच्या दुखऱ्या हाडापाशी तो हात थोडा हलका झाला. तिथे दुखतंय हे त्याला कळलं होतं.

मग तो थांबला. पाठीवरून दूर झाला.

फुमिनोला ठाऊक होतं तो कशासाठी थांबला ते. फेड लगेच करायची असते. भिंतीवरून थेंब ओघळत होते. मी उठून दारातून निघून जाऊ शकते, असं तिने स्वतःला सांगितलं. उतारावर कामेयो भेटेल. मग ती पंचा पिळून स्टुलावर उलटी फिरली.

वाफेत एक पाठ होती. तरुण, बारीक, पाणी निथळणारी. केस वर बांधलेले आणि मानेवर सुटलेल्या चार बटा. तिच्या पुढे आणखी एक पाठ होती, वाकलेली, एवढीशी, खांदे खचलेले. ती फुमिनोला हजार पाठींत ओळखू आली असती. आणि तिच्याही पुढे होत्या, एकीपुढे एक, वाफेत धूसर होत गेलेल्या, जिथे खरं तर पलीकडची भिंत हवी होती तिथून पुढे. सगळ्यांचे हात वरखाली होत होते. फक्त पंचांचा आवाज होता.

फुमिनोने समोरच्या पाठीला पंचा लावला. पाठ ऊबदार होती. ती घासू लागली, खांद्यापासून खाली, बरगड्यांवरून जपून, आणि रडू लागली. एवढ्या मोठ्या घरातली आपण शेवटची, आपल्यामागे कोणी नाही, हे तिला तिथे बसल्यावर कळलं, आणि आपण एकट्या नाही हेही कळलं. कोणतं जास्त भयंकर होतं ते तिला सांगता आलं नसतं.

पुढून, त्या एवढ्याशा पाठीकडून, आवाज आला. तोच आवाज, थोडा खट्याळ, थोडा दमलेला.

"चला. फिरा आता."

रांग हलली. समोरचा ओला खांदा वळू लागला, त्यापलीकडचा म्हातारा खांदाही. रिवाजाप्रमाणे फुमिनोने आता भिंतीकडे तोंड करायचं होतं.

ती फिरली नाही. तिला आईंचं तोंड बघायचं होतं.